शून्य हजर

सकाळी आठ वाजून वीस मिनिटं, तळमजला, गाद्यांचं गोदाम — आग तिथे लागली, ताई, आमच्या मजल्यावर नाही. हे आधी डोक्यात नीट बसवून घ्या, मग पुढचं विचारा. आमच्या मजल्यावर एक टेबल जळालेलं नाही, एक वायर वितळलेली नाही. वर आला तो धूर. धुराला मी काय करणार? पोलीस हेच विचारून गेले, विमावाले विचारून गेले, आता तुम्ही. बसा. — नको, त्या खुर्चीवर नको, तिचं चाक निघालंय, पडलात तर तेही माझ्याच नावावर घालाल. इथे बसा. ही घ्या पिशवी, त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला. तुमच्या बहिणीचा डबा आहे, चपला आहेत, स्वेटर आहे — एसीचा वारा नेमका तिच्या मानेवर यायचा, त्यावरूनही किती वेळा तोंड वाजवलं होतं तिनं — आणि जिन्याखालच्या कप्प्यातला फोन आहे. काच तडकलीय, पण ती आधीचीच, आम्ही तडकवलेली नाही. झालं. एवढंच.

काय? लिहून देऊ? — काय लिहून देऊ? — 'कामावर होती' एवढंच लिहून द्या म्हणता. एवढंच! त्याच दोन शब्दांवर सगळं उभं आहे हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही, तेव्हा भोळा चेहरा करून बसू नका. काम नऊला सुरू होतं. नऊच्या आधी इमारतीत असणं म्हणजे परवानगीशिवाय असणं. हे मी नाही म्हणत, वरच्या ऑफिसनं तुम्हाला पत्र पाठवलंय ते म्हणतं. 'विनापरवाना प्रवेश.' शब्द कडक आहे, कबूल. पण शब्द मी नाही निवडला. आता तिच्या मुलाला वर्गातली पोरं म्हणत असतील, तुझी आई चोरून घुसली होती — तर मी काय त्या शाळेत जाऊन एकेकाचं तोंड धरू? तो जेवत नाही म्हणता. वाईट वाटतं. मलाही मुलं आहेत. पण माझ्या सहीनं तुमच्या भाच्याला भूक लागणार आहे का? — लागेल म्हणता? — अजब आहात.

हे बघा, हजर म्हणजे काय ते तुम्हाला समजावून सांगतो, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच नको. माणूस जिना चढून आला, खुर्चीत बसला, म्हणजे हजर — असं तुमच्या शाळेत असेल. तुम्ही शिक्षिका ना? तिथे पोरगं 'हजर बाई' म्हणालं की झालं. इथे तसं नाही. इथे आम्ही दुसऱ्यांच्या फ्रिजच्या आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकतो, दिवसभर लोकांच्या शिव्या खातो, त्यात शिस्त नसेल तर बाजार होईल. इथे यंत्र सुरू व्हावं लागतं, नाव घालायचं, पासवर्ड घालायचा, मग आतले सगळे प्रोग्रॅम एकेक करून उठतात, आणि तेव्हा कुठे माझ्या पाटीवर त्या माणसाचा ठिपका हिरवा होतो. पाटी म्हणजे ही, या लॅपटॉपवर दिसते ती — रांगा, खुर्च्या, ठिपके. हिरवा झाला की टिंग वाजतं. टिंग म्हणजे माणूस आला. त्याआधी तो जिन्यात असो, खुर्चीत असो, नाहीतर चंद्रावर असो, माझ्या लेखी तो नाही. आणि आणखी एक बटण आहे त्यांच्याकडे, 'हात वर'. गिऱ्हाईक अंगावर आलं, काही अडलं, की दाबायचं, मग इकडे टिंग टिंग टिंग — थांबतच नाही ते, मी 'पाहिलं' दाबेपर्यंत. ते मलाच दाबावं लागतं, दुसऱ्या कोणाकडे ते नाहीच. आणि हात तरी किती वर होतात! पाणी संपलं, हात. संडासला जायचंय, हात. शेजारीण च्युइंगम चघळतेय, हात. आता मी बघतसुद्धा नाही कोण ते. बोट आपोआप जातं. जेवताना डाव्या हातानं दाबतो. बायको म्हणते, झोपेतही तुमचं बोट हलतं.

यंत्रं हळू होती? — होती. नाही कोण म्हणतंय? तुमच्या बहिणीनं घरी सांगितलंच असेल, घरी जाऊन ऑफिसची उणीदुणी काढण्यात सगळ्या पटाईत. बटण दाबायचं आणि बसायचं. पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरत राहायचं. वीस-पंचवीस मिनिटं तर रोजचीच, आणि अख्खी रांग एकदम चालू केली तर विचारूच नका. तेवढ्यात या पोरी गप्पा मारायच्या, एकमेकींचे डबे हुंगायच्या, तुमच्या बहिणीनं तर अख्खा स्वेटर विणला त्या चक्राकडे बघत — हाच तो, तुमच्या मांडीवर आहे तो. मी म्हटलं होतं तिला, बाई, ऑफिसच्या वेळात विणकाम चालणार नाही. तर मला म्हणाली, 'साहेब, ही ऑफिसची वेळ आहे का? मग हजेरी लावा की.' असं बोलायची. तोंड वर करून. आता मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून मी गप्प आहे, नाहीतर तिच्या जिभेचे किस्से पुष्कळ आहेत माझ्याकडे.

तर ते चक्र. मग करायचं काय, नऊच्या ठोक्याला हिरवं व्हायचं असेल तर अर्धा तास आधी यायचं. साधा हिशेब आहे. मी सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगतो, नऊ म्हणजे नऊ, कसं ते तुमचं तुम्ही बघा. — नाही, लवकर या असं मी नाही म्हटलं. कसं ते तुमचं तुम्ही बघा, असं म्हटलं. फरक आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला कळायला हवा.

दुरुस्त का नाही केली? हा प्रश्न सगळ्यांनी विचारला, तुम्ही तरी काही नवीन विचाराल असं वाटलं होतं. आमच्याकडे एक दुरुस्तीवाला आहे, सगळे त्याला पेचकस म्हणतात. सुताराच्या कानावर पेन्सिल असते ना, तसा याच्या कानावर पेचकस. कामाला बरा, पण तोंडाचा फाटका. त्यानं मला मागेच सांगितलं होतं — साहेब, यात काही नाही, बटण दाबलं की पंधरा-वीस प्रोग्रॅम एकदम उठतात आणि सगळ्यांना एकाच दारातून बाहेर पडायचं असतं. त्यातले नको ते सुरुवातीला उठायचे बंद करायचे, ज्याची गरज लागेल तो मागाहून उठेल. आतली जुनी फिरणारी डिस्क काढायची, नवी घालायची, ती फिरत नाही. की चहाचा एक घोट घेईपर्यंत यंत्र सुरू. मी विचारलं, नको ते म्हणजे कुठले? तर म्हणतो, एक आहे तो पडद्याचे फोटो काढतो, एक बोटं किती वेळा पडली ते मोजतो, एक आवाज टिपतो, एक माणूस किती वेळ हलला नाही ते बघतो — तुम्हीच बसवलेत की! 'साहेब, यंत्र जड नाही, तुमचा संशय जड आहे.' असं तोंडावर. मी म्हटलं, बाबा रे, तू स्क्रू पिळ, माझं डोकं पिळू नकोस. ते काढायचे नाहीत, तसा वरचा हुकूम आहे. पण माझ्या लॅपटॉपवर त्यांचं काय काम? माझ्यावर कोण पहारा ठेवणार? तेव्हा माझा घेऊन गेला, एका दुपारी करून आणून दिला. आणि खरं सांगतो, जादू. झाकण उघडायचं, घोट घ्यायचा, पाटी समोर.

मग बाकीच्यांचं का नाही, हेच ना? अहो मी विचारलं होतं! मी काय दगड आहे? मी स्वतः फोन करून वर विचारलं, की इकडे एक माणूस आहे, दोन-चार दिवसांत अख्खा मजला करून देईल. तर वरचे म्हणाले, कशाला? चक्र फिरतं तो वेळ त्यांचा जातो, आपला कुठे जातो? — म्हणजे असं नाही म्हणाले. शब्द हे नव्हते. 'सध्या निकड दिसत नाही' असे शब्द होते. पिशवीत हात घालून काय करताय? फोन तर नाही ना चालू? — तिचा चार्ज नाही, बरोबर, तो कुठला चालू असणार. तुमचा दाखवा. — ठेवा. इथे टेबलावर ठेवा. माफ करा, पण हल्ली कोणाचा भरवसा द्यायचा?

आता मला सांगा, ती त्या वेळी वर काय करत होती? हा प्रश्न तिला विचारायचा होता. मला माहीत नव्हतं. मी पोलिसांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो, कोणी नऊच्या आधी वर असतं याची मला काडीचीही कल्पना नव्हती. त्यांनी त्यांच्यात काय ठरवलं होतं ते मला आता कळलं, नंतर. एकीनं लवकर यायचं आणि अख्ख्या रांगेची यंत्रं चालू करून ठेवायची, म्हणजे बाकीच्या जरा उशिरा निघाल्या, पोरांना शाळेत सोडून आल्या, तरी नऊला हिरव्या. पासवर्डसुद्धा एकमेकींना दिलेले! पासवर्ड! घराची किल्ली कोणी अशी वाटतं का? त्याची पाळी लावलेली. आज कोंबडा कोण, उद्या कोंबडा कोण. हो, कोंबडा म्हणायच्या. जी लवकर उठून बाकीच्यांना जागं करते ती कोंबडा. त्या दिवशीचा कोंबडा तुमची बहीण. म्हणून एकटी. म्हणून बाकी सगळ्या आज जिवंत आहेत, त्याचं कोणी काही बोलत नाही, बरं का!

अख्खी सकाळ कशी गेली ते माझं मला माहीत. वॉचमनचा फोन आला तेव्हा मी घरी, बनियनवर. खाली धूर, बंब येऊन उभा — स्टेशन पुढच्याच रस्त्याला, आलेच ते लगेच — आणि बंबाचा अधिकारी विचारतोय, वर कोणी आहे का. वॉचमन दिवसाचा, नुकताच येऊन टेकलेला. रात्रीचा तिला आत सोडून घरी गेला होता. त्यानं याला सांगितलं की नाही, ते त्या दोघांनी बघावं. यानं मला विचारलं. मी लॅपटॉप उघडला — आणि सांगतो तुम्हाला, पेचकसचं नाव घेतलं मनात, घोटभरात सुरू! आधीसारखा असता तर बंबवाले बसले असते ताटकळत माझ्या उत्तरासाठी. नाहीतर कंटाळून सरळ वर गेले असते आणि — म्हणजे — म्हणजे कसं, वेळ गेला असता. वेळ गेला नाही, एवढंच म्हणतोय मी. ताबडतोब उत्तर दिलं. पाटी समोर, एकही ठिपका हिरवा नाही. मी म्हटलं, शून्य. वर कोणी नाही. मग त्यांनी वर माणसं घातली नाहीत, खालची आग धरली, गाद्यांचा फोम म्हणजे काय धूर सोडतो माहीत आहे तुम्हाला? बरोबरच केलं त्यांनी. रिकाम्या मजल्यावर कोण आपली माणसं मारायला पाठवतं?

आणि मी काय आरामात बसलो होतो असं वाटतं तुम्हाला? चहासुद्धा घेतला नाही. शर्टाची बाही एक आत एक बाहेर, किल्ल्या सापडत नाहीत, इकडे ते टिंग टिंग टिंग डोकं उठवतंय, बायको आतून ओरडतेय आधी ते बंद करा, पोरगी रडायला लागलेली — त्यात मी धावत निघालो. आलो तेव्हा या पोरी रस्त्यावर जमलेल्या. नऊची वेळ ना त्यांची. आणि एकच गलका, 'कोंबडा वर आहे, कोंबडा वर आहे!' तो अधिकारी वैतागून म्हणतो, बाई, इथे आग लागलीय आणि कोंबड्याचं काय घेऊन बसलात? कोणी धड बोलेना, नुसत्या रडताहेत. शेवटी मीच पुढे झालो. मीच सांगितलं त्याला — अहो, कोंबडा म्हणजे माणूस, रोज एक असतो वर, लवकर गाठा! — मी सांगितलं म्हणून ते गेले. हे कोणी छापलं नाही. हे तुम्ही त्या पोराला सांगा घरी जाऊन.

काय? — काय म्हणालात? — 'रोज एक असतो', असं म्हणालो? म्हणजे त्या पोरी म्हणत होत्या ते मी — ऐका, तुम्ही माझे शब्द पकडू नका. शाळेत पोरांचे पकडा. ऐकलं असेल मी कधी जाता-येता, कोंबडा कोंबडा, माझ्यासमोरच हसतात त्या, मी काय बहिरा आहे? पण ऐकणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं. मला विचारलं गेलं ते पाटीवरून विचारलं गेलं, मी पाटीवरून उत्तर दिलं. मनातलं सांगायला कोणी विचारलं होतं का?

खिडकी का नाही उघडली? स्क्रूनं बंद आहेत खिडक्या, रस्त्याचा आवाज फोनमध्ये येतो म्हणून. आणि जिन्यात धूर. स्वतःचे फोन जिन्याखाली कप्प्यात, नियम आहे तो, सगळीकडे असतो. टेबलावरचा फोन? तो यंत्रातून चालतो. यंत्र सुरू होईपर्यंत मुका, आणि सुरू झालं तरी नऊच्या आधी लाइन बंद. वीज बंबवाल्यांनी तोडली, पण आमच्या रांगांना आणि नेटला बॅटऱ्या आहेत, अर्धा तास खेचतात, गिऱ्हाइकाशी बोलताना मध्येच तुटलं तर बरं दिसत नाही ना. तेव्हा यंत्रं चालूच असणार. चक्र फिरत असणार. मग ती काय करू शकत होती? काहीच नाही. बसायचं चक्राकडे बघत. सुरू झाल्यावर — सुरू झालं तरी त्या वेळी काय चालतं? काही नाही. ते एक हाताचं बटण सोडलं तर काहीच चालत नाही.

रडू नका. पाणी हवं का? — नको तर नको. आणि सगळी यंत्रं आता केलीत बरं का. तिसऱ्या दिवशी पेचकसला बोलावलं, रातोरात वरून मंजुरी आली, अख्खा मजला घोटभरात सुरू होतो आता. तेही तुम्हाला खुपत असेल. सुधारलं तरी शिव्या, नाही सुधारलं तरी शिव्या. आता लिहून द्या हा हट्ट सोडा. मी शून्य म्हटलं कारण शून्य होतं. विश्वास नाही ना माझ्यावर? दाखवतोच. सगळं साठवून ठेवते पाटी, त्या दिवसाची सकाळ काढून दाखवतो, तुमच्या डोळ्यांनी बघा आणि मग जा. या इकडे. उभ्या राहा माझ्या मागे. हे झाकण उघडलं — बघा, बोलेपर्यंत सुरू. आता तो दिवस. हा. वाचा. आठ वाजून सव्वीस मिनिटं, इथे मी उघडली पाटी. हजर: शून्य. दिसलं? मोठ्यानं वाचा हवं तर. शून्य! मी बनवलेलं आहे का हे? पुढेही शून्य. आणखी खाली चला, शून्य, शून्य, आठ चौतीस — 

एक.

तिसरी रांग, पहिली खुर्ची. ही — ही तिचीच. हं. म्हणजे सुरू झालं होतं यंत्र. उशिरा का होईना. पण त्याचा काय उपयोग, सांगितलं ना तुम्हाला, लाइन बंद — हात वर. आठ चौतीस, हात वर. आठ पस्तीस, हात वर. पुन्हा हात वर. पुन्हा —

सरका मागे. खांद्यावरून वाचायची ही कसली सवय? — कुठलं? — ते काही नाही, ते यंत्र आपलं आपण करतं. — हो, मघाशी मी म्हटलं मलाच दाबावं लागतं म्हणून, पण कधी कधी — पेचकसला विचारा, त्याला कळतं त्यातलं. शर्ट घालत होतो मी, सांगितलं ना! कोण बघतंय त्या वेळी? तुम्ही बघितलं असतंत? पिशवी उचला. फोन घ्या तुमचा. तुम्हाला काय लिहून हवंय ते वरच्या ऑफिसला विचारा, माझ्या हातात काही नाही. आणि हे बंद का होत नाहीये? सुरू घोटभरात होतं, बंद व्हायला मात्र — अरे पेचकस! कोणी आहे का रे बाहेर? — वाचू नका म्हटलं ना तुम्हाला!

आठ छत्तीस. 'पाहिलं'.

जा आता. दार ओढून घ्या.